दोन गाभण मेंढ्या

सुकन्या,

व्यापाऱ्याचा टेम्पो यायच्या आत दोन गाभण मेंढ्या घेऊन मी पालीला माझ्या भावाकडे निघाले आहे. तुझ्या बापाला सांग, बाकीचा कळप विकायला माझी ना नाही. माळाला कंपनीचं कुंपण पडलं, आता चारायचं कुठं? पुण्याची नोकरी त्यानं धरावीच. पण गाभण मेंढी आपल्या घरातून खाटकाकडे कधी गेली नाही.

काल मी त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "माय, आता रीत कशाला धरून बसलीस? सगळ्यांचा सौदा झालाय." मग मी तू आणलेली नवी कादंबरी वाचत बसले. तू अक्षरं शिकवलीस म्हणून वाचता तरी येते. त्यात गाव उठतं, जनावरं जातात आणि म्हातारी दारात नुसती उभी राहते. "आजी, ही आपलीच गोष्ट हाय," असं तू म्हणालीस. मला त्या म्हातारीचा लई राग आला.

बापाशी भांडू नकोस, तोही काल जेवला नाही. टोपल्यातली भाकरी त्याला वाढ. मेंढ्या व्यायल्या की मला न्यायला त्यालाच पाठव. ओलं कोकरू हातात घेतल्यावर तो काय म्हणतो, ते मला ऐकायचं आहे.

तुझी आजी,
साखराबाई