राळेतला छर्रा

मी, शालिनी जयंत मोडक, वय अडुसष्ट, राहणार तिलक नगर, जयपूर, कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतली निवृत्त सहायक, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव माझा मुलगा कौशिक याला.

२. ग्लिसरीनमधून छर्रा पडायला किती वेळ लागतो ते मोजायच्या दोन उभ्या नळ्या व स्टॉपवॉच मागेल त्या शाळेला. स्टॉपवॉच चौथ्या मिनिटाला अडखळतं, हे सांगूनच द्यावं.

३. राळेची नळी. १४ जून १९८१ रोजी मी घरीच राळ व थोडं एरंडेल वितळवून काचेच्या नळीत ओतलं आणि गार झाल्यावर वर सायकलचा एक पोलादी छर्रा ठेवला. हातोडी मारली तर ही राळ फुटते. तरी ती द्रव आहे आणि छर्रा तिच्यातून पडतो आहे, असं माझं म्हणणं. हिवाळ्यात तो ढिम्म हलत नाही, जेठात उतरतो. पंचवीस वर्षांत सव्वीस सेंटिमीटर उतरला, तळाला चार मिलिमीटर राहिले. तो टेकलेला बघायची मला फार इच्छा आहे. डॉ. प्रतिमा माझ्या छातीला नळी लावून नुसतं "हं" म्हणतात, त्यामुळे भरवसा नाही. मी बघितलाच, तर हे कलम रद्द समजावं.

नळी कौशिकला देत नाही. तो घरभर एसी बसवणार आणि छर्रा जागच्या जागी थिजणार. शिवाय "आई, मतलब, तो खाली पोचला की काय होणार?" असं त्याने विचारलं, त्यातच सगळं आलं.

नळी, भिंग व नोंदवही स्वयंपाकाला येणाऱ्या पार्वतीला. १९९९च्या उन्हाळ्यात भावाच्या आजारपणात मी दोन महिने सांगलीला होते. नोंदी बुडाल्या म्हणून हळहळत परतले, तर नळीवरच्या कागदी पट्टीवर पेन्सिलीच्या आठ बारीक रेघा.

"हर सोमवार को लगाई, बाईजी. देखना था, आपके बिना भी उतरता है क्या."

उभा जन्म प्रयोगशाळेत काढून हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिच्या घरावर पत्रे आहेत, छर्र्याला ऊब मिळेल. तिचे मात्र हाल होतात, म्हणून माझा कूलरही तिलाच. नळीपासून लांब लावावा.

४. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख दिनकर टेंबे सगळ्या स्टाफसमोर म्हणाले होते, "शालिनीबाई, दगडात गोळी बुडत नसते. चष्मा बदला." ते मला अजून लागतं. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये म्हणतात, म्हणून त्यांनाच साक्षीदार केलं आहे. सही करण्याआधी त्यांनी एकदा भिंगातून बघावं.

जयपूर, ९ जून २००६
सही: शालिनी जयंत मोडक

साक्षीदार:
१. डॉ. प्रतिमा माथुर (सही)
२. दिनकर टेंबे (सही)

बघितलं. चार नाही, साडेतीनच मिलिमीटर राहिलेत. पार्वतीला रेघ ओढायला सांगितली आहे. पुढच्या सोमवारी परत येतो. — दि. टें.