पेडलवरचा पाय

महाळुंगे पडवळ,
२ जून २०२४

आयु. दादास,
यशोधराचा सप्रेम जय भीम. वि. वि. आम्ही सगळी खुशाल, फक्त गाडी आजारी आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहायला गेलास की तुझी जाड बोटं भलतंच काही पाठवतात. म्हणून लंकाबाईंजवळ हा कागद देते. त्या आळेफाट्याला भाजी घेऊन येतात.

वाशीहून खत भरून माळशेज चढताना आपली जुनी सहाचाकी नुसती बोंबलते. इंजिन ओरडतं, गाडी काही पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो. हे म्हणतात, म्हातारी झाली ती, चालायचंच. पण स्टिअरिंग सुटलं तर हा माणूस जगायचा नाही, हे तुलाही ठाऊक आहे. कल्याणी मामाची आठवण काढते.

तुझी धाकटी,
यशो

आळेफाटा,
९ जून २०२४

प्रिय यशोस,
जय भीम व आशीर्वाद. पत्र पावलं. बोटांबद्दलचा टोमणाही पावला.

क्लच घसरतोय असं वाटतं. दाजींना सांग, गाडी सपाटीला उभी करा, हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडकन बंद पडलं तर प्लेट ठीक. चालूच राहिलं तर प्लेट गेली समज, गाडी इकडे माझ्या गॅरेजवर आणा. पेडलवर पाय ठेवून आराम करायची सवय लागली असेल तर तीही सोडा म्हणावं, त्यानंही प्लेट जळते. ती काय बाज आहे? एवढं मात्र माझं नाव न घेता सांग.

कल्याणीला पापा. माया आहेच, ती धरून ठेव.
धम्मपाल

महाळुंगे पडवळ,
६ ऑक्टोबर २०२४

आयु. दादास,
सप्रेम जय भीम. जूनमध्ये इंजिन बंद पडलं नाही, मग तू नवी प्लेट टाकलीस, फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते ते लेथवर घासून आणलेस. सगळं नीट केलंस. पण पावसाळ्यातला वर्षावास संपायच्या आत परत तोच वास. आता तर घरातसुद्धा येतो, यांच्या कपड्यांना बसलेला असतो बहुतेक.

हे म्हणाले, मेव्हण्यानं जुनाच माल घातला. दादा, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुम्हा दोघांच्या मधे मी कुठे उभी राहू? ते परवा गाडी घेऊन येतायत. रागावून बोलतील. तुला ऐकू येणार नाही, तेवढंच बरं.

यशो

आळेफाटा,
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय यशो,
जय भीम. काल दाजी आले. मी काही खोललं नाही. म्हटलं, चला, बेल्ह्यापर्यंत जाऊन येऊ, आणि शेजारी बसलो. माझे कान गेले, पण गाडीचं काय चाललंय ते खालच्या पत्र्यातून तळपायाला कळतं.

सरळ रस्ता, गिअर बदलायचं काही कारण नाही, तरी त्यांचा डावा पाय पेडलवर. मी ओरडलो, पाय उचला. समोर बघत ते काहीतरी म्हणाले. त्यांच्या ओठांवरून कळलं, उचललाच हाय की. मला वाटलं, माझी मस्करी करतायत. शेवटी वाकून त्यांचा पाय धरला आणि बाजूला ठेवला. यशो, मी पायाला हात लावलेला त्यांना कळला नाही. पायातली चप्पलसुद्धा गॅरेजच्या दारात गळून पडली होती, तेही कळलं नव्हतं.

त्यांनी खाली बघितलं, गाडी कडेला घेतली. एवढा दांडगा माणूस, पण चेहरा पार उतरला होता.

साखरेच्या गोळ्या घेतात का? त्यांचा तळपाय बघ. लाजतील, चिडतील, तरी आजच बघ. क्लचमध्ये काहीही दोष नाही.

धम्मपाल

महाळुंगे पडवळ,
१२ जानेवारी २०२५

आयु. दादास,
सप्रेम जय भीम. तू दवाखान्यात आमच्यासोबत होतास, तरी तिथे बोलायचं राहिलं ते लिहिते.

तळव्यात बाभळीचा काटा अख्खा रुतलेला होता. भोवती सगळं काळं पडलेलं. मी रडायला लागले तर हे म्हणाले, मला तर कायबी व्हत न्हाई. गोळ्या त्यांनी कधीच सोडल्या होत्या, गाडी चालवताना गरगरतं म्हणून. आणि तो वास, दादा. मी गाडीचा समजून कपडे धूत राहिले.

गुडघ्याखालून पाय काढला. गाडी अंगणात उभी आहे. तू म्हणालास तसं गिऱ्हाईक बघ, पण घेऊन जायचं असेल तेव्हा हे झोपलेले असू देत.

एक विचारायचं होतं, तुझ्याशिवाय कुणाला विचारू? होता तेव्हा त्यांना तो पाय कळत नव्हता. आता नाही, तर सारखा कळतो. ठणकतो म्हणतात, बोटांना मुंग्या येतात म्हणतात. रस्त्यावरून चढाला एखादी गाडी ओरडली की बाजेवर उठून बसतात आणि मला म्हणतात, यशे, बघ गं, पाय पेडलवर तर न्हाई ना? उचलला का मी?

मी चादर वर करते, बघितल्यासारखं करते आणि सांगते, उचललाय.

येऊन जा. लोभ तुझा आता दोघांवर सारखाच राहू दे.
यशो