लाल बगळ्याचे पंख

१२ जानेवारी, सोमवार

हो म्हणून टाकलं! तिसऱ्या मजल्यावरची मार्वाबाई — त्रिनिदादची, शाळेत चित्रकला शिकवते. गॅलरीला मी बांधलेली कबुतरांची जाळी तिने बघितली. म्हणाली, "मिस्टर भिकाजी, मला पंख बांधून द्या." सात फेब्रुवारीला अबुधाबीत त्यांच्या लोकांचा कार्निव्हल. तिचा स्वतःचा बँड आहे. मला वाटलं ढोल-ताशे. तसं नाही — एकाच कल्पनेचे कपडे घालून नाचणारी टोळी. कल्पना बाईची, शिवणं-चिकटवणं सगळ्यांचं. टोळीला एक राजा. त्याचा पोशाख माणसाच्या दुप्पट. यंदा लाल बगळा.

एकतीस वर्षं इथे आखातात साइटवर सळया बांधल्या. पंख काय चीज आहे!

उजवा हात थरथरतो, ते घरात कुणाला ठाऊक नाही. काम करताना कमी. थांबला की सुरू. म्हणून खिशात ठेवतो. नाडी बांधता येत नाही म्हणून सेफ्टी शूज माळ्यावर, पायात सपाता. यतीनला कळलं तर पक्कड काढून घेईल आणि गावचं तिकीट काढेल. मागे चक्कर आली तेव्हा काढतच होता पोरगा. गावाला जाऊन काय करू? माशा मारू?

१९ जानेवारी, सोमवार

सूनबाईने टोमणा मारला. "बाबा, ह्या वयात पिसं लावणार?"

"मी बांधतोय. घालत नाही, संपदा."

२४ जानेवारी, शनिवार

सांगाडा उभा राहिला. फायबरच्या काठ्या, बाइंडिंग वायर. दहा फूट रुंद. प्रत्येक सांध्याला डबल गाठ. कुणी लटकलं तरी हलायचा नाही.

बाईने लांब जाऊन बघितलं. "हा डेड आहे, मिस्टर भिकाजी."

मेलेला! म्हणे, बगळा उडायच्या आधी उभा असतो ना, नुसती टोकं थरथरतात — तेच हवं. राजा स्टेजवर पहिल्यांदा गप्प उभा राहणार आणि पिसं बोलणार. मी म्हटलं, मेरा बांधा हुआ आज तक हिला नहीं. इथे शिकलेल्या हिंदीत म्हणाली, वही तो प्रॉब्लेम है.

जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी

सगळ्या गाठी सोडल्या. दोनशेच्या वर.

२९ जानेवारी, गुरुवार

सैल बांधलं. डावा पंख थेट जमिनीवर. यल्ला, चला, परत!

३१ जानेवारी, शनिवार

सापडलं! मुळाशी घट्ट. मध्ये एक सांधा सोडून एक. टोकाला वायरची स्प्रिंग. साइटवर कुणी असं बांधलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

पिसं चढली. कर्टिस राजा होणार — बँकेतला, साडेसहा फुटी. चालला की पंख झकास डोलतात. थांबला की पंखही थांबतात. एकदम गप्प. बाईने कपाळाला हात लावला.

पट्टा कुठे कमी पडतोय बघायला मीच अंगावर चढवला. दोन्ही दांडे धरून उभा राहिलो. टोकं सुरू झाली — एकेक पीस! बाई ओरडली, "असंच! हलू नका!" मी हललोच नव्हतो.

संपदा मला जेवायला बोलवायला आली होती. जवळ आली. हळूच म्हणाली, "बाबा, वायर हलतेय की तुम्ही?"

"वायर."

तिने माझा हात धरला. टोकं थांबली. सोडला. सुरू. जेवताना माझ्या ताटात भाकरी मोडून ठेवली, एवढंच.

५ फेब्रुवारी

बाई म्हणते, राजा तुम्हीच व्हा. कर्टिस पण म्हणतो, "अंकल, हे तुमचंच." साफ नाही म्हटलं. यतीन समोर खुर्चीवर असणार!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर हात खिशात. कर्टिसने घातला तर हात लपेल, पण पंख मेलेला जाईल.

मेलेलं काम मी आजवर कुणाला दिलं नाही. देणार नाही. बाईला सांगून आलो, मीच घालतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

अबुधाबी. हॉलच्या मागे बसून लिहितोय. अक्षर वाकडं, असू दे. बाहेर यतीन आणि संपदा. त्याला वाटतंय मी गाठी तपासायला आत आलोय. सपाता काढून ठेवल्या — बगळा कुठे सपाता घालतो! आमचं नाव पुकारलं. जातो.

८ फेब्रुवारी, रविवार

सगळे पंख बघत होते. यतीन माझा हात. येताना गाडीतही तेच. म्हटलं, खलास.

सकाळी दाराशी माझे सेफ्टी शूज. माळ्यावरून काढलेले, पुसलेले. यतीन म्हणाला, "डॉक्टर मंगळवारी. आज पंखांच्या गाठी सोडवायच्यात ना? बाई वाट बघतेय."

मग खाली बसला आणि माझी नाडी बांधली. डबल गाठ.