शेवटच्या ओळीतली सातवी रेघ

बाबा, काल मी त्या बेटावर जाऊन आले. तुम्ही गेल्यानंतर कितीदा ठरवलं आणि कितीदा टाळलं. आता तिथे पक्का धक्का आहे, चढायला लाकडी पायऱ्या आहेत, खडकाभोवती दोरी लावली आहे. खडक मात्र तसाच आहे, समुद्राकडे उतरत गेलेला, आपल्या जेवणाच्या टेबलाहून जरासा मोठा. दुपारच्या उन्हात त्यावर काहीच दिसत नाही. बरोबर आलेला गार्ड म्हणाला, "मॅडम, इथे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, थांबा, ऊन उतरू दे.

दोन हजार आठच्या शेवटी आखातातल्या तुमच्या ऑफिसचा अर्धा मजला रिकामा झाला. पंधरा वर्षं तुम्ही टॉवरचे नकाशे काढत होता. क्रेन थांबल्या आणि ड्राफ्ट्समनची गरजही थांबली. घरी येऊन बूट काढता काढता तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "खलास. सगळे प्रोजेक्ट होल्डवर." अल मनखूलच्या आपल्या बिल्डिंगमधली तीन कुटुंबं त्याच हिवाळ्यात मायदेशी परत गेली. माझ्या वर्गात दर आठवड्याला एखादं बाक रिकामं व्हायचं. मग कुणाच्या तरी ओळखीने तुम्हाला हे काम मिळालं. हजारो वर्षांपूर्वी या बेटावर राहणाऱ्या माणसांनी खडकावर खुणा कोरल्या होत्या, त्या जशाच्या तशा उतरवून घ्यायला स्थिर हाताचा माणूस हवा होता. काम एका हंगामाचंच, पण मुदत वाढली तर व्हिसाही वाढणार होता.

शुक्रवारी शाळेला सुट्टी, म्हणून तुम्ही मला मदतीला नेता. मी पंधरा वर्षांची आहे, तोंड फुगवून लाँचमध्ये बसते आणि तुमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. खडकावर तुम्ही पारदर्शक प्लास्टिक अंथरता, कडांवर दगड ठेवता, आणि मी आईचा आरसा धरून उन्हाची तिरीप आडवी टाकते. त्या तिरिपेत खुणा उठून येतात. आधी एक होडीसारखा आकार, मग उभ्या रेघांच्या सात ओळी. तुम्ही गुडघ्यांवर बसून एकेक रेघ मार्करने गिरवता, मध्येच डोळे मिटून नुसतं बोट फिरवता. "डोळे फसतात," तुम्ही म्हणता, "बोट फसत नाही." काम ज्यांच्या हाताखाली होतं त्या मॅडम, मूळच्या इराकच्या, साठीच्या, छत्री घेऊन मागे उभ्या असायच्या. सहा ओळींत सात-सात रेघा होत्या, शेवटच्या ओळीत सहाच. मॅडम म्हणाल्या होत्या, "सातही ओळी सारख्या असत्या तर ही मोजणी आहे असं मी छातीठोकपणे म्हणाले असते. मग आणखी एक हंगाम मागता आला असता."

एका शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही पाणी आणायला लाँचकडे गेलात. प्लास्टिक माझ्यासमोर होतं, मार्कर उघडा होता. मी शेवटच्या ओळीत सातवी रेघ मारली. तुम्ही परत आलात, ऊन गेलं होतं, तुम्ही गुंडाळी करून कोपऱ्यात सही केलीत. दोन दिवसांनी मॅडमनी ते प्लास्टिक फळीवर लावलं आणि तुम्हाला फोन केला, आता आणखी एक हंगाम मागते म्हणून. तुम्ही ऐकत होता आणि हसत होता. कितीतरी दिवसांनी.

तो हसरा चेहरा गुरुवारपर्यंत टिकला. गुरुवारी तुम्ही खुणांचे फोटो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून मॅडमकडून आणलेल्या प्रतीशी ताडून बघत होता. आई पोळ्या लाटत होती, मी समोर गणितं करत होते. तुम्ही भिंग ठेवलंत.

"ही रेघ दगडावर आहे?"

"असेल ना. आय मीन, लाइट कमी होता."

आईचं लाटणं थांबलं. मग तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "ज्यांनी हे कोरलं त्यांना आता बोलता येत नाही. त्यांच्या तोंडी आपण आपले शब्द घालायचे नाहीत." पुढे काही विचारलं नाहीत. ताटलीत पोळी घालून माझ्यासमोर ठेवलीत आणि फोन घेऊन गॅलरीत गेलात. दार उघडंच होतं. "मॅडम, माझ्याकडून चूक झाली. शेवटच्या ओळीत सहाच आहेत." मी मान वर न करता गणित सोडवत राहिले. उठून गॅलरीत यायला चार पावलं होती.

पुढचा हंगाम मिळाला नाही. जूनमध्ये आपण पुण्याला आलो, तुम्ही एका सर्व्हेच्या ऑफिसात लागलात आणि चौथ्या वर्षी गेलात. त्या रेघेबद्दल तुम्ही एकदाही बोलला नाहीत. मी याच कामात शिरले तेव्हा तुम्ही नव्हता.

आज सकाळी शारजात मॅडमना भेटले. आता त्या काठी घेऊन चालतात. म्हणाल्या, "ती रेघ तुझी होती. फोनवरच मी तुझ्या बाबांना विचारलं होतं, मुलीने मारली का? ते म्हणाले, प्लास्टिकवर सही माझी आहे." मग त्यांनी एक फोटो पुढे केला. दुसऱ्या एका बेटावरचा खडक, अलीकडेच सापडलेला. होडी, सात ओळी, आणि शेवटच्या ओळीत एक रेघ कमी. ती कमी रेघ मुद्दाम सोडलेली आहे, असं आता त्यांना वाटतं. तुमची प्रत खरी होती म्हणून दोन्ही खडक शेजारी ठेवून बघता आले. का सोडली, कुणासाठी सोडली, ते अजून वाचता येत नाही. मी त्याच कामाला लागणार आहे.

मॅडमना मी म्हटलं, बाबांचं काम टिकावं म्हणून मी ती रेघ मारली. त्यांनी माझा हात थोपटला. इतकी वर्षं मी आईलाही हेच सांगत आले. हे पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. तुमचं काम टिकावं हे कारण मला नंतर सुचलं, बाबा. मार्कर हातात होता तेव्हा माझ्या मनात शाळा होती, मैत्रिणी होत्या. मला फक्त पुण्याला जायचं नव्हतं.