पान चौदा

३ मार्च, रविवार

नेहेमिया ओगोला अजून जिवंत आहे. आणि पुस्तकाचा खर्च तोच करणार आहे!

विक्लिफ आला होता, बंदर-उत्सव समितीचा. टाय बांधून, घामाघूम होऊन. बंदर पुन्हा सुरू होतंय, मोठा समारंभ आहे, त्यात वाटायला किसुमू शहराची ओळख करून देणारं पुस्तक काढायचंय. इंग्रजी भाग नैरोबीचा कुणी लिहील, आपल्या लुओ भाषेतला मी लिहावा. मीच का? तर बंदराच्या कचेरीत सव्वीस वर्षं टायपिंग केलं, सगळ्या बोटींची कुंडली मला पाठ. मी नाही म्हटलं. वय त्रेसष्ट, डोळे, पाठ – सांगण्यासारखी सगळी कारणं सांगितली. उठता उठता तो म्हणाला, ओगोलासाहेबांना वाईट वाटेल, खर्च त्यांचाच आहे, आणि ‘बंदराचे शिल्पकार’ म्हणून त्यांच्यावर एक अख्खं पान आहे.

मी त्याला परत बसवलं. भाजलेले शेंगदाणे पुढे ठेवले. लिहिते म्हटलं.

शिल्पकार! वीस वर्षांपूर्वी ‘अजुलू’ बोट भरदुपारी न्देरे बेटाजवळ खडकावर गेली. एक खलाशी बुडाला. सुकाणूवर केफर ओडेरा होता आणि तो प्यायलेला होता, असं बंदराचा अधीक्षक ओगोला चौकशीत म्हणाला. केफर ओडेरा म्हणजे माझा नवरा. आम्ही शनिवारी उपासना करणाऱ्या चर्चची माणसं, नशा वर्ज्य. ज्यानं उभ्या जन्मात चहालासुद्धा तोंड लावलं नाही, तो म्हणे दारू प्यायला! खरं काय ते ओडेरानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. बोटीवर नैरोबीचे पाहुणे होते. त्यांच्यापुढे मिरवायला ओगोलानं सुकाणू स्वतःच्या हातात घेतलं. ‘बाजूला हो’ म्हणाला. साहेबच तो, ओडेरा बाजूला झाला.

नोकरी गेली ते त्यानं सोसलं. पण चर्चनं ‘वडील’ या मानाच्या जागेवरून काढलं तेव्हा खचला. पहिल्या बाकावर बसणारा तो मागे, अगदी दाराशी बसायला लागला. चार वर्षांत गेला.

आता ओळख मी लिहिणार. शहराची, आणि ओगोलाचीही.

६ मार्च, बुधवार

चार पानं झाली. खोडून पुन्हा तीन.

किसुमू म्हणजे काय, हे लिहायला बसलं की कळतं किती कठीण आहे ते. गोऱ्यांनी रेल्वे इथवर आणली आणि थांबवली, कारण पुढे समुद्राएवढं तळं होतं. एवढाच या शहराचा जन्म. गाडीतून उतरायचं, बोटीत चढायचं. मग उतरलेली माणसं राहिली, बाजार बसला, आणि आपण म्हणायला लागलो की शहर आहे.

पण इथला कोण आहे? कुणालाही विचारा, घर कुठलं? सेमे म्हणेल, उयोमा म्हणेल, अलेगो म्हणेल. चाळीस वर्षं न्यालेंडाच्या गल्लीत काढलेली बाईसुद्धा किसुमू म्हणायची नाही. माझंच बघा. इथे मी असेम्बोची लेक. इथे जगायचं आणि मेल्यावर बसच्या टपावरून गावी जायचं. दर शुक्रवारी शवागारासमोर बसगाड्यांची रांग लागते, तेवढी लग्नाच्या हंगामात हॉटेलांपुढेही लागत नाही. हे लिहिलं. आवडलं मला.

विक्लिफला नाही आवडलं. “आई, प्रेतं नकोत हो. सूर्यास्त घ्या. आणि जलपर्णीचं जरा कमी करा.” मी म्हटलं, कमी करायला ती माझ्या हातात आहे का? रात्रीत वारा फिरला की सगळा धक्का हिरवागार होतो. गाय उतरून चरायला लागेल असा. बोटी अडकून पडतात. पाहुण्यांना काय ते दिसणार नाही?

सूर्यास्त घ्या, म्हणाला.

१० मार्च, रविवार

सूर्यास्तावर दोन पानं लिहिली. ओगोलाच्या पैशानं सूर्यही गोड बुडतो.

१२ मार्च, मंगळवार

दुंगाला गेले. ‘अजुलू’वर इंजिन बघणारा ओबिएरो आता तिथे किनाऱ्यावर जाळी विणत बसतो. सुकाणूची खोली इंजिनाच्या शिडीवरून सरळ दिसते, हे मला ठाऊक होतं. त्यानं पाहिलंय हे ओडेराला ठाऊक होतं. आणि चौकशीत ओबिएरो मूग गिळून बसला हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं.

मला बघून त्यानं लाकडी पेटी पुसून बसायला दिली. भोवती बायका ओमेना वाळत घालत होत्या, बोटभर मासळीचा तो चंदेरी पसारा. एकीनं टोमणा मारला, म्हातारबाबा, वीस वर्षांनी पाहुणी आली, दाढी तरी करायची! सगळ्या हसल्या. मीही हसले. काम होतं ना.

मग मी काम सांगितलं आणि त्याचे हात थांबले. मग त्याच जुन्या गोष्टी. मुलाला बंदरात ओगोलानंच चिकटवलं. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं. आणि आता काय उपयोग, वहिनी, मेलेला काही परत येतोय?

मी म्हटलं, “परत येणारा नाहीच. पण तू अजून आहेस. आणि तूही जायचास.”

“ओगोला मेला की सांगीन. शपथ घेतो.”

“आणि तू आधी मेलास तर? तुझ्या तिरडीपाशी येऊन कान लावू?”

बायका वळून बघायला लागल्या. एवढं मोठ्यानं बोलले हे मलाही कळलं नव्हतं. त्यानं सुतळी दातानं तोडली, जाळं बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “लिही. सुकाणूवर ओगोला होता. माझं नाव घाल. गावसुद्धा घाल, म्हणजे दुसरा कुणी ओबिएरो असेल असं कुणी म्हणायला नको.”

निघताना त्यानं दोन तिलापिया मासे बांधून दिले. ते घेतले. ओडेराला तो भित्रा वाटायचा, पण वाईट कधी वाटला नाही. मला वाटायचा. आज थोडा कमी वाटला.

१९ मार्च, मंगळवार

समितीचं जेवण होतं, तळ्याकाठच्या हॉटेलात. अख्खी तळलेली मासळी, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, भाजी. ओगोला मधोमध. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, समोरचं धूसर दिसतं त्याला. माझा हात हातात घेऊन विचारलं, कोण? विक्लिफनं नाव सांगितलं, डोर्सिला अपोन्डी. हात जरा घट्ट झाला, मग सैल.

“अरे, असेम्बोची लेक! किती वर्षं झाली. तुझा ओडेरा फार गुणी माणूस होता. त्या एका सवयीनं घात केला.”

सगळ्यांसमोर! वीस वर्षांनीसुद्धा तेच, आणि दया दाखवत. खोटं इतकं वापरलंय की त्याला आता ते खरंच वाटत असावं. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी जेवले नाही. तो जिथे जेवेल तिथे मी घास घेणार नाही, असं ओडेराच्या मातीवर बोलले होते. असलं बोलणं मोडलं की घरादाराला भोवतं. विक्लिफ हळूच म्हणाला, आई, मासा गार होतोय. म्हटलं, होऊ दे. वीस वर्षं ठेवलेलं गारच वाढायचं असतं.

त्याला ते कळलं नाही.

२० मार्च, बुधवार

आज एका बैठकीत लिहिलं. पान चौदा.

‘बंदराचे माजी अधीक्षक श्री. नेहेमिया ओगोला यांना मोठ्या पाहुण्यांची आवड होती. त्यांच्यासाठी त्यांनी एकदा ‘अजुलू’ बोटीचं सुकाणू स्वतः हाती घेतलं आणि बोट न्देरेच्या खडकावर घातली. त्यात एक खलाशी बुडाला. दोष त्यांनी केफर ओडेरा यांच्यावर ढकलला. ओडेरा दारू पीत नसत. हे डोळ्यांनी पाहणारे ओबिएरो, गाव सेमे, आजही दुंगाला भेटतात.’

खाली त्याचा फोटो येणार, टाय लावलेला. एकही शिवी नाही. एकही विशेषण नाही. बंदराच्या अहवालात आम्ही असंच टाइप करायचो.

इंग्रजी भाग वाचणारे साहेब इकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्यांना आपली भाषा येत नाही आणि विक्लिफला कंटाळा येतो. पण किनाऱ्यावरची प्रत्येक बाई, प्रत्येक नावाडी, चर्चमधला प्रत्येक बाक हे वाचणार. मोठ्यानं वाचणार, एकमेकांना.

रात्री छान झोप लागली. लाज वाटायला हवी होती का? नाही वाटली.

२८ मार्च, गुरुवार

फसलं असं वाटलं होतं.

छापायच्या आधीची पानं ओगोलाकडे गेली. मला वाटलं होतं, आंधळ्याला काय दाखवायचं. पण त्याला सून वाचून दाखवते! लिलियन नाव. शाळेत शिकवते, पोटुशी, दिवस भरत आलेत. तीन दिवस मी दाराकडे कान लावून होते.

आज ती एकटीच आली, मोटारसायकलवरून, तशा पोटानं. खुर्चीत मावेना. पाणी प्यायली आणि म्हणाली, “आई, चौदावं पान मी मनातल्या मनात वाचलं. त्यांना दुसरंच काहीतरी रचून वाचून दाखवलं. हे खरं आहे का, तेवढं विचारायला आले.”

दुंगाला जा, म्हटलं. तर जाऊन आली होती! ओबिएरो तिच्यापुढे रडला म्हणे.

मग तिनं मागितलं. काढा असं नाही म्हणाली, पोरगी सरळ आहे. थांबा म्हणाली. बाळंतपण होईपर्यंत, घरात नवं माणूस येईपर्यंत. मी म्हटलं, माझ्या घरातलं माणूस गेलं तेव्हा कुणी थांबलं नव्हतं. ती मान खाली घालून उठली. जाताना बरोबर आणलेल्या पानांवर सही करून गेली – ‘वाचलं, चूक नाही’.

असली सून त्याला मिळावी! त्याचाही राग आला.

५ एप्रिल, शुक्रवार

छापून आलं. भिखूभाईच्या छापखान्यातून दहा गठ्ठे माझ्याच दारी उतरवलेत, समितीच्या कचेरीला रंग देताहेत म्हणून. समारंभ रविवारी चौदाला, त्याच दिवशी धक्क्यावर वाटप. एक प्रत उघडून चौदावं पान बघितलं. शाईचा वास. ओडेराचं नाव छापलेलं, स्वच्छ.

त्याच गठ्ठ्यातली एक प्रत ओगोलाच्या घरी पाठवली. लिलियनच्या नावानं नाही, ओगोलाच्याच. कुणी ना कुणी वाचून दाखवेलच.

त्याला नातू झाला म्हणे, सोमवारी.

९ एप्रिल, मंगळवार

चर्चमधल्या बायकांकडे बातमी आहे. ओगोलाचा नातू रडायचा थांबत नाही. आठ दिवस! दूध ओढत नाही, निळा पडतो. दोन डॉक्टर झाले, आजार काही सापडत नाही.

कुणीतरी नाव मागतंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. गेलेलं माणूस बाळाच्या रूपानं परत यायला बघतं, आणि बरोबर नाव घेतलं की मूल गप्प होतं. ओगोलाची बायको बाळाला मांडीवर घेऊन नावं घेत बसलीय. सासरे, आजेसासरे, थोरले दीर, बुडालेला चुलता, आत्या, सगळे झाले. तिच्या माहेरचे झाले. लिलियनच्या माहेरचेही झाले. पोर रडतंच आहे. इतके मेलेले आहेत त्या घरात, त्यातला एकही नको त्याला.

त्यांच्यातली परुसिला मला म्हणाली, प्रार्थना करू या. मी डोळे मिटले. प्रार्थना नाही केली. रडू दे म्हटलं. ओगोलाला ऐकू तरी येतंय ना! डोळे गेलेत, कान आहेत.

घरी आल्यावर गठ्ठ्यांवर बसून राहिले. लिलियनचं तोंड आठवत होतं. तिला पान्हा फुटत असेल आणि पोर घेत नसेल. ते मी मुद्दाम मनाआड केलं.

११ एप्रिल, गुरुवार

विक्लिफनं फोन केला. ओगोलासाहेबांनी पुस्तक वाचून घेतलं म्हणे, त्यांच्या बायकोकडून. पानन्‌पान. पुस्तक थांबवायचं का, असं विक्लिफनं घाबरत विचारलं, तर नको म्हणाले.

नको म्हणाले? काहीतरी डाव असणार. गठ्ठ्यांवर चादर टाकलीय, दाराला कडी.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दारात ओगोला. एका हातात काठी, दुसरा हात लिलियनच्या खांद्यावर, आणि तिच्या छातीशी बाळ. गप्प, डोळे उघडे. काल सगळी नावं संपल्यावर ते नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं घेतलं, म्हणाला. केफर ओडेरा. बाळ थांबलं आणि प्यायलं.

मी लिलियनला म्हटलं, माझ्या नवऱ्याला आत घेऊन ये. आणि त्याला म्हटलं, तू बाहेर थांब.