जाळीचा मफलर

प्रिय ठिणगी,

हसशील, पण तुझा बाप विणायला शिकतोय. सभेत टेबलावर मूठ आपटणारे हे हात आता सुया धरून टाके मोजतात. आवाज बसलाय असं मागे कळवलं होतं ना, तो उठलाच नाही. घशात गाठ निघाली.

इस्पितळातल्या सिस्टरबाईंनी मफलरचा नमुना दिला. कागदभर चौकटी, त्यांत गोल, तिरप्या रेघा, रिकामी घरं. कपाटंच्या कपाटं वाचून काढलेला मी तो नमुना वरून खाली वाचायला लागलो. बाईंनी सुनावलं, काका, हे खालून वर वाचायचं, पुस्तकी शहाणपण दाराबाहेर ठेवा. रिकाम्या घरांची मला धास्ती वाटायची, तिथे काहीच नाही म्हणून. तर तिथे साधा सुलट टाका निघाला.

गोल म्हणजे जाळी: धागा सुईवरून घ्यायचा, मुद्दाम भोक ठेवायचं. तिरपी रेघ म्हणजे दोन टाक्यांचा एक करायचा. मी गोल तेवढे घेतले, रेघा सोडून दिल्या. वीतभर विणेपर्यंत वीस टाक्यांचे साठ झाले. इस्पितळात माझ्या शेजारी बसणारे शिंपीदादा म्हणाले, अगदी तुमच्या भाषणासारखं, पसरतंय आणि संपत नाही. मीही हसलो. मग घरी येऊन सगळं उसवलं.

उसवताना तू घर सोडलंस तो दिवस आठवला. जगासाठी तुमच्याकडे आवाज आहे, माझ्यासाठी कान नाहीत, असं म्हणून तू बॅग उचललीस. आणि मी घड्याळ पाहिलं. सभेला उशीर होत होता. अन्यायापुढे गप्प बसणं हे पाप, असं मी हजारदा गरजून सांगितलं. आजही तेच मानतो. पण त्या दिवशी दारात उभा राहून गप्प बसलो.

मफलर माझ्याचसाठी आहे. येत्या गुरुवारी घशातलं स्वरयंत्रच काढणार आहेत. पुढे श्वास गळ्यावरच्या भोकातून घ्यायचा. ते झाकावं, पण हवा आत जावी, म्हणून ही जाळी. मला जगायचंय, तेव्हा शस्त्रक्रियेला होकार दिलाय. लाठीला न भ्यालेला मी दुसऱ्याच गोष्टीला भितोय. तुला फोन लावायला चारदा हात पुढे केला आणि मागे घेतला. तू उचललाच नाहीस तर? म्हणून हे पत्र. बुधवारपर्यंत फोन कर, पोरी. भाषण करणार नाही. 'चुकलो' एवढंच म्हणायचंय. इथे लिहिलंय खरं, पण ते तू माझ्या आवाजात ऐकावंस.

तुझाच,
अजून बोलता येणारा बाबा