सुटणारी गाठ

नागपूर, ३ जुलै २०२४

श्री. शालिकराम यांस,
सा. न. वि. वि.

ताईकडे मी खुशाल आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुमच्याआधी शेजारचे बाबाराव वाचतात. म्हणून पत्रच बरं.

इथल्या सदर भागातल्या रुग्णसेवेच्या वर्गात माझ्या बाजूला विशीतल्या पोरी बसतात, मला काकू म्हणतात. काल पट्टी बांधायला शिकवलं, तर माझ्या हातांनी मागावरचीच गाठ मारली, तुटलेला धागा जोडायची. मॅडमला ती सुटेना. कात्री लावावी लागली. म्हणाल्या, जखम रोज पाहायची असते, गाठ सुटायलाच हवी. सगळा वर्ग हसला. सत्तेचाळीस वर्षांची मी, संडासात जाऊन रडले. वाटलं, बसमध्ये बसावं आणि उमरेडला यावं.

जेवता काय ते कळवा. खोटं लिहू नका.

तुमची,
वच्छला

उमरेड, ७ जुलै

सौ. वच्छलास,
सप्रेम आशीर्वाद.

जेवण उत्तम. भाकरीच्या कडा फाटतात, पण पोट काही तक्रार करत नाही. बाबाराव विचारून राहिले होते की वहिनी काहून गेल्या, घरात काय कमी होतं. मी म्हटलं, माग बंद पडून तीन वर्षं झाली, हिचे हात बंद पडले नाहीत.

येऊ नकोस. ती सुटणारी गाठ कशी मारतात तेवढं लिही. सहज विचारतो.

दोन खोल्यांचं घर फार मोठं वाटतं. लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नये.

शालिकराम

नागपूर, ११ जुलै

सा. न. वि. वि.

उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. सोडताना एकच टोक उलट ओढायचं. आता मला येते. पोरी माझ्याकडून शिकतात, आणि मॅडमने मला वच्छलाताई म्हटलं.

चार महिन्यांनी इथल्याच दवाखान्यात नोकरी मिळेल म्हणतात. पण राहणं नागपुरात, सुटी महिन्यातून दोनदा. तुमच्याशिवाय मला करमत नाही. तुम्ही एकदा ये म्हणा, मी येते.

वच्छला

उमरेड, २ ऑगस्ट

सौ. वच्छलास,
सप्रेम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी 'ये' लिहिलं होतं. पेटीत टाकलं नाही.

आता रागावू नकोस. मागाच्या लोखंडानं पाय चिरला होता. कळवलं असतं तर तू वर्ग सोडून आली असतीस. तू लिहिलंस तशी पट्टी बांधली, रोज सोडली, रोज जखम पाहिली. डॉक्टरांनी विचारलं, एवढी नीट कोण बांधून राहिलं? मी सांगितलं, बायको, नागपूरवरून.

काल शेवटची पट्टी सोडली. टोक ओढताच सुटली. पाय बरा आहे.

नोकरी घे. माझी काळजी करू नकोस. मी रोज संध्याकाळी नागपूरची बस यायच्या वेळी स्टँडवर जातो, चहा प्यायला. मी चहा पीत नाही, हे तुला माहीत आहेच.

तुझा,
शालिकराम